अर्धा पगार गावाचा



आजचा विषय 'विकसनशील देशांतली शहरी मजुरी आणि असंघटित काम' असा जाहीर झालाय. विषय जगभराचा आहे, पण आम्ही बोलणार आहोत ते मालवण किनाऱ्यावरून, देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यातल्या घरांविषयी. याला कारण आहे. या विषयावर जगभर शिकवला जाणारा एक सिद्धान्त आहे, त्याच्यावर आज टीका करायची आहे, आणि तो कुठे तोकडा पडतो हे या घरांत फार स्वच्छ दिसतं.

आधी सिद्धान्त नीट समजून घेऊ. टीका करायची तर समोरच्याचं म्हणणं त्याच्या बाजूने मांडता आलं पाहिजे. १९७० साली जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या दोघांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. प्रश्न असा होता की शहरात नोकऱ्या नाहीत हे दिसत असताना खेड्यातली माणसं शहरात येतच का राहतात? ती अडाणी आहेत म्हणून? दोघांनी सांगितलं, नाही, त्यांचा हिशेब पक्का आहे. समजा गावात मजुरी शंभर रुपये आहे आणि शहरातल्या पक्क्या नोकरीत दोनशे. नोकरी मिळायची शक्यता निम्मी असेल, तर दोनशेच्या निम्मे शंभर. म्हणजे गावाइतकेच. शक्यता निम्म्याहून जरा वर गेली की माणूस निघाला. येणारे वाढत जातात, शक्यता खाली येते, आणि शंभरावर पोचली की ओघ थांबतो. दरम्यान ज्यांना पक्की नोकरी मिळाली नाही ते वाट बघत काहीबाही करत राहतात. हे 'काहीबाही' म्हणजेच पुढे ज्याला असंघटित किंवा अनौपचारिक क्षेत्र म्हणू लागले ते.

यातून एक उलटं दिसणारं पण विचार करायला लावणारं अनुमान निघतं. शहरात नुसत्या नोकऱ्या वाढवल्या तर बेकारी कमी होण्याऐवजी वाढू शकते. केनियात १९६४ साली सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून कामगारभरती वाढवायचा करार केला, तेव्हा नव्या जागांच्या आशेने शहरात लोंढा आला. सिद्धान्तामागे हा अनुभव होता. तेव्हा हे गणित हवेतलं नाही. आणि खेडूत माणूस हिशेबी असतो हे त्यांनी ठासून सांगितलं, त्याबद्दल आम्हांला त्यांचा आदरच आहे. त्याआधी आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या प्रसिद्ध निबंधात खेड्यातला मजूर हा जणू न आटणाऱ्या विहिरीतलं पाणी होता, शहराने हवं तेव्हा उपसावं.

आता मालवणला येऊ. गावात एखाद्या म्हातारीला विचारलं, "झील खय असता?" तर उत्तर येतं, "मुंबैक." कामाचं नाव नाही, पगाराचं तर नाहीच. मुलगा मुंबईला आहे, एवढं पुरतं. आपल्याला वाटतं ही बोलण्याची ढब. आम्हांला वाटतं यात एक माहिती आहे. मुंबईला असणं आणि नोकरी असणं या दोन गोष्टींमध्ये एक लांबलचक पट्टा होता, आणि बहुतेकांचं अख्खं आयुष्य त्या पट्ट्यात गेलं.

त्या पट्ट्याचं गिरणीतलं नाव होतं 'बदली'. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात मुंबईत बाहेरून आलेल्यांत सगळ्यात मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा, आणि मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके तेव्हा त्याच जिल्ह्यात. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ ला. या माणसांपैकी बरेच गिरणीत गेले, पण 'गिरणीत गेले' म्हणजे काय? सकाळी गेटावर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोण आला नाही बघायचं. त्याच्या जागी जॉबर आपल्याला घेतो का बघायचं. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम, भरती त्याच्या हातात, आणि त्याची दस्तुरी ठरलेली. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डं द्यायची पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड मिळायचं, आणि ज्याच्याकडे कार्ड त्याने रोज सकाळी हजर राहायचं. काम मिळालं तर त्या दिवसाचा पगार, नाही तर घरी.

हा माणूस टोडारोच्या गणितात कुठे बसवायचा? बेकार म्हणावं तर त्याच्याकडे गिरणीचं कार्ड आहे. नोकरदार म्हणावं तर आज काम आहे की नाही हे त्याला सकाळी गेटावर कळतं. कारखाना शंभर टक्के संघटित, नोंदलेला, फॅक्टरी कायद्याखालचा, आणि आत काम करणारा माणूस मात्र नाक्यावरच्या मजुरासारखा. गणितात शहरी पगार आणि वाट बघणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. गिरणीने वाट बघणंच कामाचा भाग करून टाकलं होतं.

पण हा मुद्दा इतिहासकारांनी मांडलेला आहे. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या कामगारांवर जे लिहिलं ते वाचणाऱ्याला हे नवीन नाही. आमची खरी तक्रार पुढे आहे.

टोडारोच्या गणितात दोन पगार आहेत. एक गावचा, एक शहराचा. माणूस दोहोंची तुलना करतो आणि एक निवडतो. मालवणच्या घराने असं कधी निवडलंच नाही. घर दोन्हीकडे राहिलं. नवरा गिरणगावात, बायको गावात, आणि दोघांच्या कामावर मिळून एक घर चालायचं. मनीऑर्डर यायची, ती सगळ्यांना दिसायची. पोस्टमन दारात उभा राहायचा, सही व्हायची, गावभर कळायचं. म्हणून पुढे अभ्यासकांनी आणि पुढाऱ्यांनी कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश' म्हणायला सुरुवात केली. या शब्दाचा आम्हांला राग येतो. मनीऑर्डरीची पावती होते. उलट दिशेने जे गेलं त्याची पावती होत नाही.

काय गेलं उलट दिशेने? आधी दिसणारं सांगतो. तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, सुके बांगडे. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या गाठोड्यात हे असायचं, आणि त्यावर खोलीतल्या माणसांचे महिन्यातले काही दिवस निघायचे. आता न दिसणारं. बाळंतपण गावात. मुलं लहानाची मोठी गावात. आजारी पडला की 'जरा गावाक जाऊन येतो', मग तो आजार महिन्याचा असो की छातीचा. म्हातारपण गावात. ही पोरं वाढवणारी, आजारी माणूस सांभाळणारी, भात लावणारी आणि कापणारी बाई एका पैशाच्या पगारावर नव्हती. गिरणीमालकाला मात्र वाढवलेला, शिकवलेला, विशीतला धडधाकट मजूर फुकट मिळत होता, आणि तो थकला की परतही पाठवता येत होता.

मुंबईतली बाजूही बघा. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, भिंतीला ट्रंका, पाळ्यांप्रमाणे झोपणं. एक पाळी कामावर, दुसरी चटईवर. जेवण खानावळीत. ती खानावळ म्हणजे बहुतेकदा चाळीतलीच एखादी बाई, स्वतःच्या घरच्या चुलीवर दहा-पंधरा जणांचं रांधणारी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, कारण वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्या पिळून निघत होत्या. खानावळवाली 'असंघटित', तिच्याकडे जेवणारा 'संघटित'. तिने डाळीचा भाव वाढवला असता तर संघटित पगार पुरला नसता. मग त्या पगाराचा किती भाग तिच्या चुलीवर उभा होता?

तर आमचं म्हणणं असं. गिरणीचा पगार हा कधीच पूर्ण पगार नव्हता. बाकीचा गावातल्या बाईने आणि चाळीतल्या बाईने भरला. टोडारो शहराच्या दोनशे रुपयांची गावच्या शंभरांशी तुलना करतो, पण गावचे शंभर थांबले तर शहराचे दोनशे पुरतच नाहीत, हे त्याच्या समीकरणात कुठेच येत नाही.

हे मालकांना माहीत नव्हतं असं समजू नका. सरकारलाही माहीत होतं. १९२९ साली ब्रिटिश सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांवर रॉयल कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १९३१ चा. कमिशनने म्हटलं की कामगाराचा गावाशी असलेला धागा ही जमेची बाजू आहे, तो तोडू नये, उलट नीट सांभाळावा. कमिशनवर ना. म. जोशींसारखा कामगारांचा खरा कैवारी होता, आणि शिफारशीमागे माणुसकी होती हे आम्ही नाकारत नाही. आजारात, बेकारीत गाव आधार होतं हे खरंच. पण जमेची बाजू कुणाच्या खात्यावर? आजारपणाचा विमा, म्हातारपणाचं पेन्शन, बेकारीचा भत्ता या सगळ्यांच्या जागी एक गाव ठेवलं की ते देण्याची घाई कुणालाच राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर कागदावर हे बदललं. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा निकष ठरवला. एका कमावत्यामागे तीन खाणारी एककं, प्रत्येकी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. आणि एक वाक्य फार मोलाचं, की बायकोमुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. म्हणजे पगार हा अख्ख्या कुटुंबाचा पाहिजे. आम्ही हा निकष पुन्हा पुन्हा वाचतो, कारण मालवणच्या घराने जे पदरचं भरलं ते भरायला लागू नये असं सांगणारं आपल्याकडचं हे सर्वांत स्पष्ट विधान आहे. कायम गिरणी कामगाराला पुढच्या काळात महागाई भत्ता, फंड, विमा मिळाला, काहींनी बिऱ्हाड मुंबईत आणलं. बदलीवाल्याने कशाच्या जोरावर आणायचं?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. तो इतका लांबला कसा, हे कोडं अनेकांना पडतं. त्याच्या उत्तरात डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व येतं, कामगारांची चीड येते, पण एक साधी गोष्टही येते, की हजारो संपकरी गावी निघून गेले आणि भाताच्या कणग्यांवर जगले. जो धागा मालकाला स्वस्त मजूर देत होता, त्याच धाग्यावर संप तगला. कमिशनच्या जमेच्या बाजूचा हा दुसरा अर्थ कमिशनच्या स्वप्नातही नव्हता. अर्थात शेवटी हरले ते कामगारच. गावाकडे ज्याचं काही होतं तो परत येऊ शकला, ज्याचं नव्हतं तो मुंबईत वॉचमन झाला, हातगाडीवर गेला. जयंत पवारांचं 'अधांतर' आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, त्या घराला परतायला जागा नाही, हे त्याचं दुःख.

इथे आमच्याच म्हणण्यावर एक आक्षेप घ्यायला हवा, नाहीतर आम्ही गावाचं गोड चित्र रंगवतोय असं होईल. गाव सगळ्यांचं सारखं नव्हतं. ज्याच्याकडे चार कुणग्यांची शेती होती त्याला गावाने तगवलं. कुळ होता त्याच्या भातातला वाटा आधी दुसऱ्याच्या खळ्यावर गेला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, ते याच रत्नागिरी-कुलाब्याच्या कुळांसाठी. भूमिहीन दलितांसाठी तर मुंबई ही गावापासून सुटका होती, आणि कमी पगार असला तरी तो रोख होता, कुणाच्या मेहेरबानीचा नव्हता. तेव्हा 'अर्धा पगार गावाने दिला' हे म्हणताना, ज्याला गावच नव्हतं त्याला अर्ध्याच पगारावर जगावं लागलं, हेही म्हटलं पाहिजे. आमच्या मते यामुळे आक्षेप मोडत नाही, तो अधिक कडवट होतो. बाजारात मजुरीचा भाव गाव असलेल्याने पाडला, आणि गाव नसलेल्याने त्या भावात काम केलं.

मग सिद्धान्तकारांना हे दिसलं कसं नाही? एकाला दिसलं होतं. कीथ हार्ट नावाचा मानववंशशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात घानाच्या राजधानीत, आक्रामधल्या निमा वस्तीत राहिला. तिथे देशाच्या उत्तरेकडून आलेले फ्राफ्रा लोक होते, म्हणजे घानाचे चाकरमानीच म्हणा. त्याने पाहिलं की ज्यांना नोकरी आहे तेही पगार पुरत नाही म्हणून संध्याकाळी काहीतरी विकतात, भाड्याने देतात, व्याजाने देतात. त्याने शब्द वापरला 'अनौपचारिक मिळकत'. नीट ऐका, मिळकत. एकाच माणसाच्या दोन मिळकती, एक पक्की, एक कच्ची. १९७२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा केनियावरचा अहवाल आला, आणि त्यात हा शब्द 'अनौपचारिक क्षेत्र' असा स्थिरावला. मिळकतीचं क्षेत्र झालं. क्षेत्र म्हटलं की कुंपण आलं, आतले वेगळे, बाहेरचे वेगळे. तेव्हापासून आपण माणसं मोजतो. भारतात अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००७ साली सांगितलं की ९२ टक्के कामकरी असंघटित. आकडा महत्त्वाचा आहे, आम्ही तो स्वतः वापरतो. पण उरलेल्या ८ टक्क्यांच्या पगाराला या ९२ टक्क्यांचा किती टेकू आहे, हे त्या आकड्यात मावत नाही.

आता किनाऱ्यावर परत येऊ, कारण हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटेल. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. देश वाढत असताना जिल्हा आटला. हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. म्हणजे पुरुष अजूनही बाहेरच आहेत, फक्त मुंबईबरोबर गोवा आलाय. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्यातली पोरं गोव्यातल्या हॉटेलांत आणि औषधांच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात, कितीतरी जण रोज मोटारसायकलने जाऊन येतात. राहायला गाव, जेवायला आईच्या हातचं, म्हणून कंत्राटी पगार परवडतो. चाळीतली खोली गेली, हिशेब तोच राहिला.

आणि याच वेळी याच किनाऱ्यावर बाहेरून मजूर येतोय. रापणीचं काम पूर्वी वाट्यावर चालायचं. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकून यायचं, किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर ओढायचे, आणि जे लागेल त्याचे वाटे. जाळ्याच्या मालकाचे वाटे जास्त, हे बरोबरच, पण दोर ओढणाऱ्यालाही वाटाच. मासळी नाही लागली तर सगळेच रिकाम्या हाताने. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या यांत्रिक नौकांवर मोठा खलाशीवर्ग लागतो. तो पगारावर, आणि हंगामाआधी उचल घेऊन बांधलेला. या कामाला गावातली पोरं फारशी मिळत नाहीत. जिल्ह्यात आणि रत्नागिरीत मिळून या नौकांवर आज नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत. हापूसच्या बागा राखायलाही तेच. ज्यांच्या देशाला समुद्र नाही ते आमचा समुद्र ओढतायत.

पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन यांचं भांडण आपल्याला माहीत आहे. सोमवंशी समितीनंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, त्यावर रणं पेटली. मासे कुणाचे यावर मोर्चे निघाले, सभा झाल्या. खलाशाची मजुरी हा त्या भांडणात कधीच मुख्य विषय झाला नाही, दोन्ही बाजूंनी. हे आम्हांला टोचतं.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद. मासळीच्या विणीसाठी हे गरजेचं आहे, त्यावर वाद नाही. पण या ६१ दिवसांत खलाशी काय खातो? तो घरी जातो. नेपाळमधल्या कुठल्याशा डोंगरात त्याची बायको शेती करते, आई मुलं सांभाळते. तो परत येतो ते नवी उचल घेऊन. आपल्या आज्यांनी गिरणीमालकाला जे दिलं, ते आज नेपाळातल्या बायका मालवणच्या नौकामालकाला देतायत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तो इथे मोकळेपणाने येऊन काम करू शकतो, हे चांगलंच आहे. आपला १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा मात्र आंतरराज्य होता, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कंत्राटदाराने नेलेल्या मजुरांपुरता. नेपाळ हे राज्य नव्हे, म्हणून हा त्यात बसतच नव्हता.

टोडारोला विचारलं तर तो म्हणेल, नेपाळी खलाशी शहाणा आहे, घरच्यापेक्षा इथे जास्त मिळतं म्हणून आलाय. बरोबर आहे. त्याच्या शहाणपणावर शंका नाहीच. शंका त्या भावावर आहे.

मग करायचं काय, असं प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच थोडं बोलतो. असंघटितांना 'संघटित क्षेत्रात आणा' हे उत्तर आम्हांला पटत नाही. बदलीवाला संघटित क्षेत्रातच होता. त्यापेक्षा महाराष्ट्राच्या स्वतःच्या १९६९ च्या माथाडी कायद्याकडे बघावं. हमाल एका मालकाचा नसतो, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. कायद्याने म्हटलं, ठीक आहे, मालक कोण हे शोधत बसू नका. हमाल आणि व्यापारी दोघेही मंडळाकडे नोंदवले जातील. व्यापारी मजुरी मंडळात भरेल आणि वर लेव्ही. त्यातून फंड, बोनस, औषधपाणी. म्हणजे गावाने जे फुकट भरलं असतं ते बाजारातून वसूल. या मंडळांचे घोळ आम्हांला माहीत आहेत, खोट्या नोंदी आहेत, दादागिरी आहे. तरी कल्पना शाबूत आहे.

मासेमारीत अशी एक जागा आहे जिथून जवळपास सगळा माल जातो. बंदरावरचा लिलाव. नौकामालक, खलाशी, बोली लावणारा व्यापारी, सगळे तिथे एका तासात एकत्र येतात, आणि पैशाचा आकडा मोठ्याने उच्चारला जातो. तिथे शेकड्यामागे काही ठेवून त्यातून ६१ दिवसांचा भत्ता देता येईल का? आम्हांला वाटतं येईल. अडचण वेगळीच आहे. अनेक नौकामालक स्वतः व्यापाऱ्याच्या उचलीत असतात, डिझेलला आणि जाळ्याला पैसे घेतलेले असतात, आणि मासळी त्यालाच घालायचं आधीच ठरलेलं असतं. मग बोली नावापुरती होते. अशा लिलावात लेव्ही बसवली तर व्यापारी ती भावातून कापणार, मालक खलाशाच्या पगारातून कापणार, आणि भत्ता म्हणून खलाशाला त्याचेच पैसे मिळणार. तेव्हा आधी ती उचल मोजावी लागेल, आणि ती कुठल्याच वहीत एका जागी लिहिलेली नाही.

वेळ संपत आली आहे. इथे थांबतो. देवगडहून जोडलेल्या एका श्रोत्याने मघापासून हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरुवात करू.